खडूचं घर

दि. ४ सप्टेंबर

चि. नणंदबाईस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. ते इतक्या हातांतून आलं होतं की कागद मऊ पडला होता, जुन्या ओढणीसारखा. आम्ही तिघंही ठीक आहोत. तुझ्या दादाला इथल्या निर्वासितांच्या वस्तीतच, धुलाईघरात काम लागलं. दिवसभर वाफेत उभा असतो. लग्नात दिसत होतास त्यापेक्षा उजळ दिसतोस, असं मी त्याला म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत फुगून बसला.

राहायला एका जुन्या गोदामात पडदे लावून केलेली खोली आहे. पडद्यापलीकडे कुणी खोकलं की अलीकडून पाण्याचा पेला सरकवायचा, एवढी आता ओळख झाली आहे. दुपारी ऊन वरच्या झरोक्यातून येतं आणि सगळ्या पडद्यांवरून सावकाश फिरतं, जणू घरोघरी विचारपूस करत चाललं आहे.

आता आईंचं. डॉक्टर म्हणतात, खुब्याचं हाड छान सांधलं, आता त्यांनी चालायला हवं. त्यासाठी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला व्यायामोपचाराचा हॉल आहे. तिथली फिजिओथेरपीवाली मुलगी इथलीच, पण आपली भाषा शिकून बोलते, अगदी शाळेच्या पुस्तकातल्यासारखी. आईंनी तिचं नाव कवायतबाई ठेवलं आहे. ती पायाला वाळूची पिशवी बांधते, दोन दांड्यांच्या मध्ये उभं करते. आई दांडे धरून उभ्या राहतात, आरशात स्वतःकडे पाहतात आणि बसतात. पाऊल म्हणून टाकत नाहीत.

गेल्या आठवड्यात मोठ्या ऑफिसातून एक बाई आल्या होत्या. उपचारांनी समाधान आहे का, असं प्रत्येकाला विचारत फिरल्या. सगळ्यांनी सांगितलं, फार समाधान आहे. आमच्या पडद्याशेजारचे म्हातारे खलाशी तर म्हणाले, आपल्याइतका समाधानी माणूस इथे दुसरा नाही. त्यांनी जाणंच सोडलंय. चालायला शिकण्यासाठी आधी इतकं चालत जावं लागतं, असं मला म्हणतात. आईंनीही त्या मुलीचं तोंडभरून कौतुक केलं. नंतर मी त्यांना टोकलं, तेव्हा म्हणाल्या, ज्यांनी डोक्यावर छप्पर दिलं त्यांना काय कमी पडलं ते सांगायचं असतं का? ऑफिसातल्या बाई खूश होऊन गेल्या. कवायतबाई मात्र खिडकीशी बसून राहिली. मला म्हणाली, सर्व लोक समाधानी आहेत आणि कोणीही चालत नाही.

पुलाची तुला कल्पना आहेच. मोठा पूल गेल्यापासून तुझ्याकडे यायला तो दोरांचा पायपूल एवढीच वाट. एका वेळी एकच माणूस, चाकाची खुर्ची मावत नाही आणि कुणाला उचलून न्यायला सक्त मनाई. आईंना तो स्वतःच्या पायांनी ओलांडावा लागेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. लावून घेशीलच, म्हणून लिहिलं.

माया आहेच, ती पडद्याआडूनही पोचावी.
तुझी,
वहिनी

*

दि. १६ सप्टेंबर

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

दादाच्या उजळ चेहऱ्याचं वाचून चष्म्याच्या दुकानात एकटीच हसले. गिऱ्हाईकाला वाटलं त्यांच्या नव्या फ्रेमला हसले. त्यांनी ती परत ठेवली आणि मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्याचा हिशेब दादाकडून वसूल करीन.

वहिनी, इकडे पक्की बातमी आहे. पायपूल डिसेंबरच्या अखेरीस दुरुस्तीसाठी बंद करणार. पुन्हा कधी उघडणार, ते चौकीवरचा माणूस सांगत नाही. मी त्याला तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारून पाहिलं. तो नदीकडे बघतो.

आमच्या ह्यांनी तळमजल्यावरची खोली आईसाठी रिकामी केली. भिंतीला फिका पिवळा रंग दिला. मी कामावरून आले की थोडा वेळ त्या खोलीत जाऊन बसते. काहीच करत नाही. कधी वाटतं, आई आधीच तिथे आहे, फक्त दुसऱ्या कुशीवर वळून निजली आहे, म्हणून दिसत नाही.

तिला मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा पाहिलं, ते शेवटचं. नंतर आज जाऊ, उद्या जाऊ म्हणेपर्यंत रस्ते बंद झाले. तिला रागव, लाडीगोडी लाव, माझी शपथ घाल, पण पाऊल टाकायला लाव. आणि तू स्वतः नीट जेव. पत्रात सगळ्यांचं लिहितेस, तुझं एका ओळीचंही नसतं.

दादास नमस्कार. तुमची वाट पाहण्यात जिचा दिवस जातो ती,
धाकटी

*

दि. ३ ऑक्टोबर

चि. नणंदबाईस अनेक आशीर्वाद.

वि. वि. मी जेवते. घे, एक ओळ माझी.

रागावून, लाडीगोडी लावून आणि तुझी शपथ घालूनही झालं. आई म्हणाल्या, शपथेने हाडं वळत नाहीत. पण एक अजब गोष्ट घडली, ती सावकाश वाच.

कवायतबाई एके सकाळी पिशव्या, दांडे सगळं बाजूला सारून आमच्यात जमिनीवर येऊन बसली. समाधानाचं आता मी विचारणार नाही, म्हणाली. तुम्हांला चालून कुठे जायचं आहे, एवढंच सांगा. मग आई म्हणाल्या, स्वयंपाकघरातून दुकानातल्या इस्त्रीच्या टेबलापर्यंत.

मुलगी उठली आणि खडू घेऊन आली. घर कसं होतं, असं तिने मला विचारलं. मी सांगत गेले, ती हॉलच्या फरशीवर रेषा ओढत गेली. पुढे दुकान, कपडे टांगायची दांडी, इस्त्रीचं टेबल, मागे स्वयंपाकघर, बाजूला निजायची खोली, मोरी. आमचं एवढंसं घर, पण रेषांमध्ये केवढं मोठं दिसलं! भिंती नव्हत्या ना, म्हणून असेल. आईंना तिने स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं. वॉकर पुढे ठेवला. आई जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि मग निघाल्या. खरंच निघाल्या गं! टेबलापाशी जाऊन त्यांनी हवेतच एका सदऱ्याची कॉलर नीट केली.

आता हॉलमध्ये अख्खी आळी वसली आहे. खलाशी परत यायला लागले. त्यांनी खडूने आपली बोट काढून घेतली आहे आणि तिच्यात ते झुलत चालतात. तोल सावरायला तो उत्तम व्यायाम आहे, असं कवायतबाई म्हणते. सकाळचं ऊन फरशीवर पडतं, खडूची धूळ तरंगते, आणि माणसं एकमेकांच्या भिंतींना वळसा घालून जातात. वाट चुकून कुणी भिंतीतून गेलंच तर माफी मागतं. काल खलाशी आमच्या दाराशी थांबले आणि हवेत टकटक केलं. आईंनी आतून विचारलं, कोण आहे? आम्ही कुणी हसलो नाही.

एकच कळलं नाही. स्वयंपाकघरातून दुकानात येताना, काही नसताना, आई एका जागी उजवा पाय चांगला उंच उचलतात. दुखरा पाय! कुठल्याच व्यायामात तो इतका उचलला गेला नव्हता. मी विचारलं तर म्हणतात, पाय तिथे उचलावाच लागतो.

तुझ्या मायेची धनी,
वहिनी

*

दि. १४ ऑक्टोबर

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दुकानातच उभ्याने वाचलं आणि मग तिथल्या स्टुलावर बसले.

वहिनी, तिथे पायरी होती. तुझं लग्न ठरलं तेव्हा दादाने सिमेंट घालून ती सपाट केली. नवी नवरी अडखळेल म्हणाला आणि वर लाजलाही, आता त्याला विचार. त्याआधी तिथे दगडाची उंच पायरी होती. मी तिच्यावर बसून अभ्यास करायचे. आई इस्त्रीचे कपडे हातात घेऊन जाता-येता मला ओलांडून जायची. सरक म्हणून कधी म्हणाली नाही. पाय उंच उचलायची आणि जायची.

कवायतबाईंना सांग, तिथे एक फळी ठेवा. आणि दुकानाची खिडकी तू रस्त्याकडे काढली असशील. ती पूर्वी बाजूच्या बोळाकडे होती. आई त्या खिडकीशी वळते का, बघ.

आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण कालपासून एक विचार पिच्छा सोडत नाही. ती तुझ्या रेषांच्या घरात चालतच नाहीये. ती त्याच्याही आधीच्या घरात चालते. तिथे मी पायरीवर बसलेली आहे, दोन वेण्या घालून. मग ते घर सोडून ती माझ्याकडे कशाला येईल? मला स्वतःचाच हेवा वाटतोय, हसू नकोस.

पुलाची तारीख आली. डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंतच तो उघडा.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
धाकटी

*

दि. ५ नोव्हेंबर

चि. नणंदबाईस अनेक आशीर्वाद.

वि. वि. सिमेंटचं विचारलं. तुझा दादा कानापर्यंत लाल झाला आणि धुलाईघरात विसरलेलं काहीतरी आणायला निघून गेला. इतकी वर्षं मी त्या सपाट जागेवरून ये-जा केली आणि मला कुणी सांगितलं नाही!

फळी ठेवली. आई तिच्यावरून रुबाबात येतात-जातात. वॉकर सुटला, आता नुसती काठी. आणि हो, बोळाकडेच वळतात.

पण तुझा विचार खोटा ठरवता येत नाही मला. दुकानाच्या दाराशी खडूचा उंबरठा आहे. तिथवर त्या येतात आणि परततात. हॉलमधून खोलीवर जायचं म्हटलं की उंबरठ्याच्या आत खुर्चीत बसतात आणि तुझ्या दादाने खुर्ची ढकलत न्यायची. घरात राणीसारख्या चालणाऱ्या आमच्या आई दाराबाहेर एक पाऊल चालत नाहीत. कवायतबाईने बाहेर रस्ता काढला, झाड काढलं, पुलाच्या फळ्या काढल्या. आईंनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, झाड बरं काढलंय.

मला भीती वाटायला लागली आहे. आपण त्यांना चालतं केलं की घरात कोंडलं, तेच समजत नाही. कवायतबाईने रेषा पुसून टाकू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. नको ना?

काय करावं ते तूच लिही. तुझ्या पत्राची वाट पाहते आहे.
वहिनी

*

दि. १६ नोव्हेंबर

ती. आईस, धाकटीचा शि. सा. न.

वहिनी हे पत्र तुला वाचून दाखवेल. वाचताना तिला मध्येच अडवू नकोस, आणि वहिनी, तूही काही गाळू नकोस.

आई, तू रोज त्या पायरीवरून जातेस असं कळलं. तिथे एक मुलगी बसलेली असते ना? तिला आता उठव. ती अभ्यासात हुशार निघाली नाही. एकच गणित घेऊन दिवस दिवस बसायची आणि तू जाता-येता तुझ्या पातळाची गरम वाफ तिच्या गालाला लागायची, तेवढ्यासाठीच बसायची. तिचं काम झालेलं आहे.

मी इथे आहे. माझे केस कानांपाशी पांढरे झालेत. दिवसभर काचा घासून माझी मान आखडते, आणि मान आखडली की मी तुझ्यासारखाच सुस्कारा टाकते. परवा तो ऐकून मीच दचकले. मला वाटलं, तू आलीस. तू मला अशी पाहिलेलीच नाहीस. मला तुला दाखवायचं आहे, मी कशी झाले ते.

ये म्हणून आग्रह करत नाही. आग्रह केला की तू बसून घेतेस, हे मला माहीत आहे. फक्त सांगते की मी त्या घरात नाही. त्या घराच्या दारातून मी निघाले तेव्हा तू उंबरठ्यावरच उभी होतीस. मी वळून पाहिलं होतं.

तुझ्या आशीर्वादाची इच्छा धरून,
धाकटी

*

दि. ४ डिसेंबर

चि. नणंदबाईस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र वाचलं, काही गाळलं नाही. दोनदा माझाच आवाज गेला, तेव्हा आईंनी शांतपणे पाणी दिलं. ऐकून म्हणाल्या, तिला म्हणावं मानेला तेल चोळत जा. मग कुशीवर वळल्या. मला वाटलं, संपलं.

काल हॉलमध्ये गेलो तर कवायतबाई पडेल चेहऱ्याने उभी. मुलांच्या लसीकरणासाठी हॉल हवा होता. फरशी स्वच्छ हवी, रेषा पुसायला हव्यात. तिने बादली, पोछा सगळं आणलं होतं, पण तिचा हात धजत नव्हता. शेवटी तुझा दादा पुढे झाला. तेवढ्यात आई त्यांच्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, माझं घर आहे, दे इकडे.

आधी त्यांनी शेगडी विझवली. वाकून, हात पोचेपर्यंत वाकून. कवायतबाई तोंडातल्या तोंडात स्नायूंची नावं घेत होती. टाचा उचलून खिडकीची वरची कडी लावली, बोळाकडच्या. कपडे दांडीवरून उतरवून घडी केले. टेबलाशी आल्या आणि इस्त्री उचलून उभी ठेवली. तिथे तुझ्या दादाने तोंड फिरवलं. घर सुटलं त्या दिवशी दुकानातली वरची फळी कोसळून आई खाली सापडल्या, तेव्हा त्याने त्यांना पाठीवर घेतलं होतं, मी सामान घेऊन पुढे होते. रस्ताभर आई त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होत्या, इस्त्री गरम आहे, मला उतरव. हे त्याने मला कालपर्यंत सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी काठी माझ्याकडे दिली, पोछ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि आतल्या कोपऱ्यापासून पुसायला घेतलं. तुला माहीतच आहे त्यांची पद्धत, पुसलेल्यावर पाय द्यायचा नाही. मागे मागे सरकत पुसायचं. मोरी गेली. निजायची खोली गेली. तुझी पायरी गेली. कवायतबाईने फळी अलगद ओढून घेतली. ओल्या फरशीत वरचा झरोका दिसायला लागला आणि आई जणू उजेडावरून मागे मागे येत होत्या. दुकान गेलं. त्यांची टाच उंबरठ्यावर आली. थांबल्या. खलाशी आपल्या बोटीत उठून उभे राहिले. आईंनी मान वळवून पाहिलं नाही. एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं, आणि समोरचा उंबरठा एका फटक्यात पुसला.

दाराबाहेर उभ्या होत्या त्या. नुसत्या हॉलमध्ये, चोहीकडे ओली फरशी. कुणीही धरलेलं नव्हतं.

कवायतबाई रडायला लागली, तर आई तिला म्हणाल्या, त्या दिवशी तुमच्या ऑफिसातल्या बाई समाधानाचं विचारत होत्या ना? मग ऐक. हा हॉल फार लांब आहे, म्हाताऱ्यांनी यायचं कसं? बाक उंच आहे. आणि सकाळी तुझे हात बर्फासारखे असतात, आधी चोळत जा. ती रडता रडता सगळ्याला हो म्हणत गेली. शेवटी, इतके दिवस मला हेच हवे होते, असं काहीसं म्हणाली. खलाशांनीही लगेच आपल्या दोन तक्रारी पुढे केल्या.

खोलीपर्यंत आई चालत आल्या. मध्ये दोनदा बसल्या, दमल्या, माझ्यावर चिडल्या. मी मागून रिकामी खुर्ची ढकलत होते.

सतरा तारखेची पुलाची पाळी त्यांना मिळाली आहे, वयस्करांना आधी सोडतात. आमची एकोणीसची. तुझा दादा अलीकडच्या टोकापर्यंत त्यांना नेईल. पलीकडे तू. मध्ये त्या एकट्याच, हे लक्षात घे आणि त्या दिवशी आरडाओरडा करू नकोस.

आता लवकरच समोरासमोर बोलू, अशी आशा मनात धरून,
वहिनी

*

दि. १७ डिसेंबर

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

चौकीवरचा माणूस हे पत्र उद्याच पलीकडे पोचवतो म्हणाला आहे, म्हणून घाईने लिहिते. आई निजली आहे. या वेळी खरंच निजली आहे, मी दोनदा बघून आले.

सकाळी नदीवर धुकं होतं. पलीकडचं टोक दिसतच नव्हतं. माणसं धुक्यातून एकेक करून यायची, आधी सावली, मग काठी नाहीतर बोचकं, मग चेहरा. प्रत्येक सावलीला मी आई समजत होते. एक तर चांगले मिशीवाले गृहस्थ निघाले. मी हात पुढे केलेले पाहून तेही गोंधळले.

मग फळ्यांवर काठीचा आवाज आला. आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. ती दिसली तेव्हा पुलाच्या मध्यावर होती, आणि तिथे ती थांबली. वहिनी, मी आरडाओरडा केला नाही. तुझ्यासाठी मी माझ्या हाताला चावून घेतलं, वळ अजून आहे. चौकीवरचा माणूस म्हणाला, आजी घाबरल्या वाटतं. ती दोराला एक हात लावून खाली पाण्याकडे बघत होती. किती वेळ कोण जाणे. मग निघाली. का थांबली होतीस, म्हणून नंतर विचारलं, तर म्हणाली, बऱ्याच दिवसांनी मोकळ्यावर एकटी उभी होते, बरं वाटत होतं.

शेवटच्या फळीवरून ती उतरली आणि मी मिठी मारायला धावले. मला म्हणाली, आधी बाजूला हो, मागे माणसं खोळंबली आहेत. आम्ही बाजूला झालो. मग तिने माझे कानापाशीचे केस बोटांनी मागे सारले, पाहिले आणि पुन्हा जागच्या जागी ठेवले.

खुर्ची आणली होती, तिच्याकडे तिने पाहिलं नाही. चालायला लागली ती माझ्यापुढे. तिला रस्ता माहीत नाही, गाव माहीत नाही, तरी पुढे तीच. मी मागून डावीकडे, उजवीकडे एवढंच सांगत होते आणि ती वळत होती. डावी टाच जरा जास्त दाबते, कवायतबाईंना सांग. दोनदा बाकावर बसली, एकदा कुणाच्या तरी पायरीवर. मीही शेजारी बसले.

घराशी आलो. दार मी उघडंच ठेवलं होतं. ती उंबरठ्याशी थांबली, वहिनी. मला वाटलं, आता इथेही. पण ती बाजूला सरकली, काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मला म्हणाली, घर तुझं आहे, आधी तू हो आत. मी येते.

परवा तुम्ही दोघं या. धुकं असेल, आवाज देत या.

आपल्या सगळ्यांची,
धाकटी